माकूळकाकूचं रडणं

किएको तोयोमाने आणि मी हाचिनोहे बंदरावरच्या एकाच कारखान्यात, एकाच टेबलाशी उभ्या राहून माकूळ मासे साफ करतो. ती मुंडकं ओढून आतलं सगळं बाहेर काढते, मी साल सोलते. पांढरे गमबूट, रबरी एप्रन, डोक्याला टॉवेल, हातमोज्यांच्या आत आणखी सुती मोजे. तरी बर्फाच्या पाण्यात हात असे गारठतात की दुपारच्या सुट्टीत डब्याचं झाकणसुद्धा दातांनी उघडावं लागतं. अशा कामात बोलणं हीच शेकोटी. आणि आमच्या टेबलावर बोलायची ती किएकोच. बोलायची कशावर, तर ‘ढगबोट’वर.

‘ढगबोट’ ही रविवारी संध्याकाळी लागणारी कार्टून मालिका. ढगांवरून चालणारी एक बोट लोकांच्या हरवलेल्या वस्तू गोळा करते आणि ज्याची त्याला नेऊन देते. हिनोए नावाची बारा वर्षांची पोरगी तिची कप्तान. बुन्झो नावाचा म्हातारा तिच्यावरचा स्वयंपाकी होता, तो फार वर्षांपूर्वीच्या एका भागात वारला. पन्नाशी उलटलेली बाई कार्टूनच्या गोष्टी सांगते म्हणून नव्या पोरी आधी तोंड लपवून हसत. मग हळूहळू सोमवारी डबे घेऊन तिच्याच भोवती बसत. किएको हिनोएचा आवाज काढायची, वादळ करायची, वादळात सापडलेली मांजर करायची. एखाद्या भागात हिनोए आपल्या स्वभावाला सोडून वागली तर दोन दिवस हिचा कशातच जीव लागायचा नाही. “लिहिणारा बदलला वाटतं,” म्हणायची, “आपल्या पोरीला ओळखतच नाही तो.”

या वेडामागे कारण होतं. तिचा नवरा हिदेनोरी माकूळ पकडणाऱ्या बोटीवर इंजिनाचं काम बघायचा. समुद्रात रहाटाचा दोर तुटला आणि त्याच्या छातीवर बसला. बोटीने त्याला परत आणलं, पण जिवंत नाही. मुलगा इओरी तेव्हा नऊ वर्षांचा. अंत्यविधीला मी कप विसळायला होते. किएकोने आल्यागेल्या प्रत्येकाला वाकून नमस्कार केला, चहा दिला, चपला सरळ करून ठेवल्या. डोळ्यांतून टिपूस नाही. सासू सगळ्यांसमोर म्हणाली, “दगड आणलाय आम्ही घरात.” किएकोने तिच्याही कपात चहा ओतला.

पुढे इओरीने शाळेत जाणं सोडलं. वर्गातली पोरं त्रास देत होती, पण ते नंतर कळलं. खोलीचं दार लावून बसायचा. जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं आणि रिकामं उचलायचं. फक्त रविवारी संध्याकाळी ‘ढगबोट’चं गाणं लागलं की दार उघडायचं. आईच्या शेजारी बसून तो अर्धा तास बघायचा, आणि शेवटी एखादं वाक्य बोलायचा. “हिनोएचा डावा बूट आज वेगळा काढला होता.” किएको ते एक वाक्य आठवडाभर पुरवायची. म्हणून मी कधी तिच्या वेडाला हसले नाही.

तोच इओरी चित्रं काढायला शिकला, तोक्योला गेला आणि ‘ढगबोट’ काढणाऱ्या कंपनीतच लागला. भागाच्या शेवटी भराभर वर सरकणाऱ्या नावांत त्याचं नाव यायचं तेव्हा किएको टीव्हीपुढे उठून उभी राहायची. वाकायचीसुद्धा.

मालिकेच्या वाढदिवसाला कंपनीने एक खास भाग करायचा ठरवला. स्वतःचीच टिंगल करणारा. इओरीने फोन करून सांगितलं, “आई, या रविवारी नक्की बघ हं. तुझ्यासाठी एक गंमत आहे.”

किएकोने मला घरी बोलावलं, आमच्या टेबलावरच्या चिनामीलाही बोलावलं. चिनामी वीस-बावीस वर्षांची, मनाने चांगली, तोंडाला कुलूप नसलेली पोरगी. किएकोने मोठ्या पातेल्यात गव्हाच्या कुरकुरीत चकत्या घालून सूप केलं होतं. देव्हाऱ्यातल्या हिदेनोरीच्या फोटोपुढेही एक वाटी ठेवली होती.

भाग खरोखरच हसवणारा होता. बोट ढगात अडकलेली, ढग कापसाचे, आणि मध्येच चित्रकाराचा हात येऊन खलाशाचं नाक खोडून जातो. कप्तान हिनोए कमरेवर हात ठेवून विचारते, “इतकी वर्षं झाली, मी अजून बाराचीच? मला एकदा तरी म्हातारी होऊ द्या की!” किएको टाळ्या पिटत होती.

मग दोराच्या शिडीवरून एक बाई बोटीवर चढली. लठ्ठ, पांढरे गमबूट, डोक्याला टॉवेल, हातात सुक्या माकुळांची जुडी. खलाशी ओरडले, “पळा, चाहती आली!” बाई प्रत्येकाला पकडून तोंडात माकूळ कोंबत होती. “खाल्लंस का? खोटं बोलू नकोस! हिनोए, डावा बूट नीट घाल!”

“अगं बाई, ही तर मी!” किएको ओरडली. “कार्ट्याने मला बोटीवर चढवलं!”

चिनामी तिच्या मांडीवर थापा मारत होती. “काकू, सेम टू सेम! बूट बघा, बूट!”

मग पडद्यावर कोणीतरी म्हणालं, “आता आपण बुन्झोच्या मरणाचा भाग पुन्हा दाखवू या.” आणि ती माकूळकाकू मटकन फळीवर बसली. गुडघे बाहेर, एका हातात ओलं फडकं. ते फडकं ती फळीवर आपटू लागली. थप्प. थप्प. प्रत्येक थपकीला तोंड आणखी उघडं, आवाज मात्र नाही. आणि मग एकदम असा भोंगा फुटला की नाकातोंडातून पाण्याचे लोट निघाले, बोट भरली, कप्तान बादलीत बसून वाहत गेली आणि बोट बुडाली.

चिनामी हसून हसून आडवी झाली. मीही हसले. डोळे पुसत किएकोकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. शेवटी नावं सरकली, इओरीचं नाव येऊन गेलं, तरी ती बाहेर आली नाही. नळ चालूच होता.

“काकू लाजल्या,” चिनामी म्हणाली.

मलाही तसंच वाटलं.

माकूळकाकू बघता बघता देशभर पोचली. मोबाइलवर पाठवायची तिची चित्रं निघाली. कोणाला बस चुकली असं कळवायचं तर माकूळकाकू फडकं आपटताना पाठवायचं. आमच्या कारखान्याच्या दुकानाबाहेर साहेबांनी तिचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा पुतळा उभा केला, कारण ती माकूळ विकणाऱ्यांना फुकटात मिळालेली जाहिरात होती. आणि चिनामीने सगळ्यांना सांगून टाकलं की ही मूळची आमच्या टेबलावरची. मग काय विचारता. दुसऱ्या पाळीच्या बाया बघायला येऊ लागल्या.

“काकू, एकदा रडून दाखवा ना!”

“फडकं देऊ का काकू?”

किएको हसल्यासारखं तोंड करायची. बोलणं मात्र बंद झालं होतं. सोमवारी डबा घेऊन ती जिन्यावर जाऊन बसायची. इओरीचे फोन उचलत नव्हती. एके दिवशी चिनामीने खरंच ओलं फडकं तिच्यापुढे धरलं, तेव्हा किएकोच्या हातातली सुरी सटकली आणि दोन्ही मोजे कापून तळव्यात गेली. बर्फाचं पाणी लाल झालं.

कपडे बदलायच्या खोलीत मी तिचा हात बांधत होते. मी म्हटलं, “अगं, पोराने कौतुकाने काढलंय. एवढं काय मनाला लावून घेतेस?”

तिने दुसऱ्या हाताने कापलेले मोजे बाकाखाली सारले. मग म्हणाली, “ते मी बुन्झोसाठी रडले नव्हते.”

मला कळेना.

“हिदेनोरीचा एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधीही अजून व्हायचा होता. बुन्झो मेला तो भाग लागला होता. मी भांडी घासत होते. त्या बोटीवर सगळे जेवायला बसले आणि कोणीतरी चुकून बुन्झोचाही वाडगा मांडला. एवढंच दाखवलं गं. आणि मी त्या दिवशी ताटं मांडताना तीन मांडली होती. मी खाली बसले, मला उठता येईना. आवाज निघेना म्हणून फडकं आपटत होते. नवरा गेल्यावर मी एकदाच रडले, ते तेव्हा. बघायला फक्त इओरी होता.” तिने बांधलेला हात मांडीवर ठेवला. “आता सगळा देश बघतोय. आणि हसतोय.”

मी हसलेच होते की.

“पोराने माझ्या नवऱ्याचं मरण विकलं,” ती म्हणाली. असं बोलणारी ती बाई नव्हे.

त्याच आठवड्यात ती तोक्योला निघाली. एकटीला सोडवेना म्हणून मीही गेले. गाडीत वाटभर ती खिडकीकडे तोंड करून होती. समोरच्या सीटवरच्या मुलीच्या दप्तराला माकूळकाकू लटकत होती.

इओरी आम्हाला कंपनीजवळच्या एका हॉटेलात भेटला. केस बांधलेले, मनगटाला पट्टी, आणखी वाळलेला. धावतच आला. “आई! फोन का उचलत नाहीस? रागावलीस होय? गमबूट जास्तच मोठे काढले का?” आणि खिशातून एक किल्लीला लावायचं बाहुलं काढून तिच्यापुढे ठेवलं. “नव्या तऱ्हेचं आहे, बाजारात यायच्या आधी आणलंय. पहिलं तुला.”

किएकोने त्याला हात लावला नाही. “ते रडणं कुठनं आणलंस?”

“कुठनं म्हणजे? आपल्या स्वयंपाकघरातनं.” तो हसत होता. “आई, तुला सांगू? मी ते कधी विसरलोच नाही. बाबा गेले तेव्हा तू रडली नाहीस. आजी म्हणायची दगड, मला वाटायचं तुला खरंच रडता येत नाही. मला भीती वाटायची तुझी. आणि मग बुन्झो गेला तर तू... नुसती काढलेली चित्रं ती, आई. चित्रांनी तुला रडवलं. मी तेव्हाच ठरवलं, मोठेपणी हेच काम करायचं. कंपनीत मला विचारलं, चाहती कशी असते, काढून दाखव. मी तेच काढलं. माझ्याकडे त्याहून चांगलं काही नाहीच.”

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता हिने गप्प बसावं. उठावं, बाहुलं घ्यावं आणि परत चलावं. पण तीही बिचारी काठोकाठ भरलेली.

“मी बुन्झोसाठी रडत नव्हते, इओरी,” ती म्हणाली. “तुझ्या बाबांसाठी रडत होते.”

तो तसाच हसऱ्या तोंडाने तिच्याकडे बघत राहिला. हसू कुठे ठेवावं ते त्याला कळेना. किएकोने तीन ताटांचं सांगितलं. वाडग्याचं सांगितलं. त्याने हळूच हात पुढे करून ते बाहुलं मुठीत झाकलं, आणि दाबलं गेल्याबरोबर त्याच्या पोटातून भोंगा वाजला. भ्यांऽऽऽ. शेजारच्या टेबलावरची पोरं खिदळली. “आई, माकूळकाकू!” त्यातलं एक ओरडलं.

इओरी मूठ उघडेना, आणि बाहुलं थांबेना.

आम्ही परत आलो. इओरीने दिग्दर्शकाकडे जाऊन विनंती केली की ते रडणं काढून टाका. दिग्दर्शक माणूस सभ्य. म्हणाला, “तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. पण ती बाई आता सगळ्यांची झाली हो.” नव्या वर्षात माकूळकाकू पुन्हा येणार होती, आणि तिला सगळ्यांत छान काढणारा इओरीच होता. त्याने ते काम पुढ्यात घेतलं आणि त्याचा हात चालेना. दुसरं काही काढायला घेतलं, तेही चालेना. बर्फ पडायला लागल्यावर एक दिवस तो पाठीवर पिशवी टाकून घरी आला, आपल्या जुन्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

ताट दाराशी, रिकामं ताट परत. कधी भरलेलंच परत. आणि आता रविवारचा काही उपयोग नव्हता. त्या घरात टीव्ही लागतच नव्हता.

किएको कामावर यायची ती सावलीसारखी. “मी गेले नसते तर बरं होतं,” म्हणायची. “त्याच्याकडे एक चांगली आठवण होती, ती मी फोडली. गिळून टाकायला मला काय धाड भरली होती?”

“इतकी वर्षं गिळलंच होतंस की.”

“मग आणखी गिळायचं. आई कशाला असते?”

एकदा बोलता बोलता म्हणाली, “मी त्याच्या दाराला टेकून बसते. आतून श्वाससुद्धा ऐकू येत नाही. कधी वाटतं, दार फोडावं आणि आत कोणी नसावं.” त्यानंतर मी सुट्टी झाल्यावर रोज तिच्याबरोबर घरापर्यंत जाऊ लागले.

हिदेनोरीबद्दल त्या घरात कधी बोलणं व्हायचं नाही. फोटोपुढे उदबत्ती लावायची, एवढंच. आता किएको दाराला पाठ लावून बसायची आणि त्याच्याबद्दल सांगायची. मुद्दाम ठरवून नाही, दुसरं काही सांगण्यासारखं उरलंच नव्हतं. तो कुत्र्याला कसा घाबरायचा. आंघोळीत चुकीची गाणी कशी म्हणायचा. इओरी झाला तेव्हा बोट बाहेर होती, तर परत येऊन त्याने पोराला हातात घेण्याआधी तीनदा हात धुतले आणि तरी म्हणाला, “डिझेलचा वास येईल, राहू दे.”

मग एका दुपारी, मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते, तेव्हा आतून आवाज आला. बसलेला, घोगरा.

“बाबा चालायचे कसे?”

किएको दचकली. “काय?”

“चालायचे कसे? फोटोत ते उभेच आहेत. मला चालताना आठवत नाहीत.”

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, मला दिसत होतं. ती आठवत होती. बंदरावरून येताना, पिशवी खांद्यावर, जिना चढताना. तिचे डोळे इकडेतिकडे फिरत होते, जणू तो त्याच घरात कुठेतरी असेल.

“आठवत नाही रे,” ती म्हणाली. “इओरी, मलाही आठवत नाही.” आणि तिने दोन्ही हातांनी आपलंच थोबाड झोडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तिने कामाला दांडी मारली आणि बंदरावर हिंडली. हिदेनोरीच्या बोटीवरचे लोक पांगले होते, काही वारले होते. भेटला तो तामेजी. सत्तरीच्या पुढचा, गुडघे गेलेला, जाळी दुरुस्त करत बसणारा. पूर्वी इंजिनावर हिदेनोरीच्याच हाताखाली होता. किएकोने त्याला विचारलं, “माझा नवरा चालायचा कसा?”

तामेजीने तिच्याकडे वेडीकडे बघावं तसं बघितलं. मग जाळं बाजूला ठेवलं. “तोंडाने काय सांगू? दाखवावं लागेल.”

ती त्याला थेट घरी घेऊन आली. मी काम सुटल्यावर पोचले तेव्हा म्हातारा इओरीच्या दारासमोरच्या अरुंद बोळात उभा होता.

“ए पोरा,” तो दाराकडे तोंड करून म्हणाला, “मी आता तुझा बाप चालून दाखवतो. गुडघे मेलेत माझे, दहादा जमायचं नाही. बघायचं तर बघ, नाहीतर झोप.”

आणि तो चालला. पाय फाकवून, जमीन हलतेय असं, डावा खांदा आधी पुढे काढत. प्रत्येक पावलाला मान किंचित आत, कारण इंजिनाच्या खोलीत छत बुटकं. भिंतीपर्यंत गेला, वळला, परत आला. घामाघूम झाला.

किएको भिंतीला धरून उभी होती. एकदम म्हणाली, “हात! हात पाठीमागे धरायचा. एक मनगट दुसऱ्या हाताने.”

“हां, खरंच की,” म्हातारा म्हणाला. त्याने हात मागे घेतले आणि पुन्हा निघाला.

“खांदा इतका नाही खाली. असा.” आणि तीही चालू लागली. त्या बोळात दोघं एकामागोमाग एक, गेलेल्या माणसासारखी चालत होती. बाहेरच्याने पाहिलं असतं तर पोट धरून हसला असता. मी हसले नाही. मला तो येताना दिसत होता.

दार बोटभर उघडलं होतं. कधी उघडलं ते मी पाहिलं नाही. फटीतून एक डोळा आणि दाढीची खुंटं. इओरी बघत होता. तामेजीचा गुडघा वळताना दगा देऊ लागला, तसा तो दार ढकलून बाहेर आला आणि त्याने म्हाताऱ्याला काखेत धरलं.

“पुन्हा एकदा,” तो म्हणाला. “काका, पुन्हा एकदा चाला. मी धरतो.”

हे झालं गेल्या हिवाळ्यात. इओरी तोक्योला परत गेलेला नाही. बंदरावर बर्फ फोडायच्या शेडमध्ये सकाळचं काम करतो. काही दिवस जातो, काही दिवस दार बंद असतं. किएको आता पूर्वीसारखी बोलत नाही. रविवारची संध्याकाळ आली की तिला घरात बसवत नाही, मग आम्ही दोघी सार्वजनिक न्हाणीघरात जाऊन गरम पाण्यात बसतो. दुकानाबाहेरचा पुतळा तसाच आहे, खपही चांगला आहे. ती मागच्या दाराने जाते. चिनामीने माफी मागितली, पण किएकोच्या समोर तिला अजून नीट उभं राहवत नाही.

परवा काम करता करता किएको म्हणाली, इओरीने तिला काही कागद दाखवले. हिदेनोरी चालतोय. पाठमोरा. मनगट मागे धरलेलं.

“बरोबर आहे का?” मी विचारलं.

“बरोबर आहे.” तिने एक मुंडकं ओढून आतलं बादलीत टाकलं. “समोरून काढायला हात होत नाही म्हणतो. मी म्हटलं, नको काढूस. मलाही बघवणार नाही.”

मग सरकत्या पट्ट्यावरून नवे खोके आले आणि आम्ही पुन्हा पाण्यात हात घातले.